नीरजाच्या खुर्चीचे चार बोल्ट

मंगळवार, १६ जानेवारी १९६८

आणि बूड नाही म्हणे मला! कुणी म्हणावं, तर सावळादादानं, माझ्या थोरल्या भावानं. जुन्नरच्या बाजारापलीकडं जो माणूस उभ्या जन्मात गेला नाही, त्यानं मला सांगावं की एका जागी कसं बसावं. बरं, कार्ड गुरुजींकडून लिहून घेतलेलं. म्हणजे आमच्या घरचं भांडण गुरुजींच्या वळणदार अक्षरात, पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचायचं. ‘वीटभट्टी सोडलीस, पुण्याचं हॉटेल सोडलंस, ट्रकवरची क्लीनरकी सोडलीस. आता लोणावळ्याचं गॅरेज कधी सोडणार?’ आणि खाली बारीक अक्षरात, ‘पोरीला सहावा महिना लागला. बापानं अजून तोंड बघितलं नाही. बाया काही बोलत नाही, म्हणून मी लिहितो.’

बाया माझी बायको. ती खरंच काही बोलत नाही. जेठात मी निघालो तेव्हाही बोलली नाही, नुसत्या भाकरी बांधून दिल्या.

येईन की! मी कुठं नको म्हणालो? पण गेलं की पुन्हा तेच, अर्धं रान तुझं, अर्धं माझं, धर नांगर. नाणेघाटाच्या माथ्यावर आमची वाडी, इथून दोन दिवसांची वाट. दिवाळीत मालकांनी सुट्टी दिली नाही असं मी कळवलं होतं. खरं म्हणजे मी मागितलीच नाही. इथं लिहायला काय हरकत आहे, ही वही कोण वाचतंय.

वही म्हणजे तेल कंपनीची डायरी. आमच्या मालकांना, बाजीराव मिस्त्रींना, फुकट मिळाली, ती त्यांनी मला दिली. “कंच्या गाडीला काय केलं ते लिवत जा, शिद्या. तुझं ध्यान म्हंजी माकडाचं. या फांदीवर न्हाईतर त्या.”

आज : ट्रकचा क्लच, दोन पंक्चर. दादाला उत्तर लिहिलं नाही.

शनिवार, २० जानेवारी

आज एक निराळं काम आलं.

तळेगावच्या चंद्रिकाबाई फियाट घेऊन आल्या. स्वतः चालवत. रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावरची माणसं पेट्रोल सोडायचं विसरून बघत राहिली. त्यांचे यजमान गोपाळकृष्ण साहेब तिकडच्या कारखान्यात इंजिनियर, तीन वर्षं विलायतेत होते, आता कारखान्यानं त्यांना कलकत्त्याला पाठवलंय. शेजारच्या सीटवर दीड वर्षाची मुलगी, नीरजा. बाई एका हातानं चाक धरून आणि एका हातानं मुलीला धरून तळेगावाहून आलेल्या.

डिकीतून त्यांनी खुर्ची काढली. लोखंडी नळीची चौकट, वर निळ्या रेक्झिनची गादी, मुलाच्या खांद्यांवरून घ्यायचे दोन पट्टे, आणि पाठीमागून निघालेले चार लांब पट्टे, दोन वर, दोन खाली. मोटारीच्या मागच्या सीटवर बसवायची. विलायतेहून बोटीनं आणलेली.

मिस्त्री म्हणाले, “पोरगी धरायला खुर्ची? मंग आय कशाला आसती?”

बाई म्हणाल्या, “आई गाडी चालवणार आहे, मिस्त्री.”

अकरा फेब्रुवारीला, रविवारी, साहेब विमानानं मुंबईला उतरणार. बाई त्यांना आणायला जाणार, एकट्या, मुलीला घेऊन, खंडाळ्याचा घाट उतरून. घाटात दोन्ही हात चाकावर पाहिजेत, म्हणून खुर्ची.

सोबत एक पुस्तक होतं, इंग्रजी. बाईंनी ते मिस्त्रींना दिलं. मिस्त्रींनी उघडलं, मिटलं आणि माझ्याकडं दिलं. “ह्यो शिकल्याला हाय.”

मी चौथी पास. इंग्रजीतले मला पान्यांवरचे आकडे तेवढे कळतात. पण बाई बघत होत्या, मिस्त्री बघत होते. मी पानं उलटली, चित्रांवर बोट फिरवलं आणि म्हणालो, “आलं ध्यानात, बाई.”

“मग मला काळजी नाही,” बाई म्हणाल्या.

सोमवार, २२ जानेवारी

खुर्ची बसवली. चित्रात पट्टे सरळ पत्र्याला बोल्टांनी आवळलेले दिसतात. ते मला काही पटेना. विलायतेतले रस्ते काचेसारखे असतील. इथं कामशेतच्या पुढं खड्ड्यांत रस्ता शोधावा लागतो. एवढंसं लेकरू लोखंडाला ताठ बांधायचं म्हणजे प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट त्याच्या मणक्यात.

आमच्याकडं झोळी आढ्याला टांगतात ती कधी ताठ नसते. आई म्हणते, ताठ बांधली तर पोराचं काळीज हलतं. आजारी माणसाला घोंगड्याच्या डोलीत घालून घाट उतरवतात, तेव्हाही डोली पावलागणिक झुलली पाहिजे. नाही झुलली तर खांदेकऱ्यांना शिव्या बसतात. बांधायचं ते झुलतं, हे मला कळायला लागल्यापासून माहीत.

म्हणून प्रत्येक पट्टा आणि बोल्ट यांच्यामध्ये ट्रकच्या ट्यूबचं रबर घातलं, वीतभर, दुहेरी. वरचे दोन बोल्ट मागच्या काचेखालच्या फळीला, खालचे दोन सीटखालच्या पत्र्याला. हातानं दाबून बघितलं. कशी मऊ डुलते!

मिस्त्रींनी दोनदा दाबली, तिसऱ्यांदा स्वतःच बसायला गेले. “विलायतवाल्यांना सुचलं न्हाई बग ह्ये,” म्हणाले.

बुधवार, २४ जानेवारी

चंद्रिकाबाई गाडी घेऊन गेल्या. आधी कामशेतपर्यंत जाऊन परत आल्या, मला मागं बसवून. वडिवळ्याच्या फाट्यापर्यंत नीरजा हसत होती, परत येताना झोपली. खड्ड्यात गाडी आपटली की खुर्ची वरच्यावर झेलून घेत होती. मान एकदासुद्धा आपटली नाही.

“अगदी पाळणा केलास रे, शिदू,” बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी पंपावर सगळ्यांना सांगितलं. आता तिथला प्रत्येक जण मला इंजेर म्हणतो, म्हणजे इंजिनियर. मला वाटलं, दादाला एक कार्ड टाकावं. मग वाटलं, गुरुजी वाचून दाखवणार आणि दादा म्हणणार, दुसऱ्याच्या पोराला पाळणा बांधतोय. टाकलं नाही.

गुरुवार, १ फेब्रुवारी

आज मिस्त्रींच्या लय शिव्या खाल्ल्या. चूक माझीच.

एका ट्रकचे ब्रेक केले होते. केबिनमध्ये पाण्याचा डबा होता, पाच शेरी, तो ट्यूबच्या रबरानं सीटच्या मागं बांधला. खंडाळ्याच्या उतारावर मिस्त्रींनी ब्रेक तपासला. ट्रक जागच्या जागी थांबला. डबा थांबला नाही. तो आमच्या दोघांच्या डोक्यांच्या मधल्या जागेतून पुढं गेला, समोरची काच तडकवली, आणि रबरानं ओढून परत येऊन माझ्या पाठीत बसला.

“रबरानं बांधतो, रबरानं!” मिस्त्री ओरडले. “सुतळी संपली व्हती का गावातली?”

पाठ दुखते आहे. काचेचे पैसे पगारातून जाणार, ते जाऊ दे. पण दिवसभर हातातलं काम सुचेना. चहा घेताना टपरीवरच्या चिमामावशी म्हणाल्या, “का रं, कुनी मेलं का?” मी म्हटलं, डबा. त्या हसल्या. मी हसलो नाही.

डबा पाच शेरांचा. नीरजा किती भरेल?

रविवार, ४ फेब्रुवारी

आज गॅरेज बंद. मिस्त्री लग्नाला गेले. मी गॅरेजची जुनी जीप काढली.

चिमामावशी गॅरेजच्या शेजारी चहा-भाकरीची टपरी चालवतात, घर कुरवंड्याला. मी दोन वेळा त्यांच्याकडंच जेवतो. त्यांना विचारलं, “मावशी, दीड वर्साची पोरगी किती भरंल?”

“धा-अकरा किलो. का?”

“आन् सहा म्हैन्याची?”

त्यांनी तव्यावरून नजर काढून माझ्याकडं बघितलं. “ती कशाला पायजे तुला?”

“आसंच. कामासाटी.”

त्यांच्याकडून दहा किलो नवा तांदूळ पोत्यात घेतला. परत आणून देतो म्हटलं. फळ्यांच्या खोक्यात पोतं बसवलं, फियाटमध्ये घातलं होतं तेवढंच रबर, तसेच बोल्ट, सगळं जीपच्या मागच्या बाकाला बांधलं. उतारावर वीसच्या वेगानं सोडली आणि ब्रेक दाबला.

खोकं माझ्या कानाजवळून आलं. गिअरच्या दांड्यावर आपटून पोतं फाटलं, आणि माझ्या मांडीवर, पायांत, चाकाखाली सगळीकडं तांदूळ. मी गाडी बंद करून तसाच बसून राहिलो. रस्त्यावरून जाणारा एक गाडीवान म्हणाला, “लगीन हाय का? अक्षता उधळल्यात!”

खड्ड्यात रबर झेलून घेतं ते खरं. पण ब्रेक लागला की तेच रबर आधी पोराला हातभर पुढं जाऊ देतं, आणि मग कुणी गलोलीतून मारावा तसं परत खेचतं.

मग रबर काढलं, पोतं शिवलं, पट्टे ताठ आवळले, पुन्हा सोडली. या वेळी पट्टा धरून राहिला, पण पत्रा फाटला. रुपयाएवढी वायसरची चकती घेऊन बोल्ट खालून वर निघून आला. म्हणजे मी एक नाही, दोन चुका करून ठेवल्यात. तिसऱ्यांदा पत्र्याच्या खालून तळहाताएवढी जाड लोखंडी पट्टी घातली आणि तिच्यातून बोल्ट घेतला. पोतं जागचं हललं नाही. पुन्हा केलं. हललं नाही.

दुपारभर चिमामावशी आणि मी जीपमधून तांदूळ वेचत होतो. मावशींनी मला एकही शिवी दिली नाही, म्हणजे मी कसा दिसत होतो कुणास ठाऊक. फक्त म्हणाल्या, “मी लावनीला जायची तवा माज्या लेकाला बांधाच्या जांभळीला बांदून जायची. लोकं म्हनायची, काय आय हाय! पर लेक पान्यात गेला न्हाई. गाठ मातुर घट्ट मारायची मी.”

सोमवार, ५ फेब्रुवारी

मिस्त्रींना सांगितलं. सगळं, तांदळासकट.

ते हात पुसत म्हणाले, “बाई खूश हायेत का?”

“हायेत.”

“पोरगी झोपली व्हती का?”

“व्हय.”

“मंग? गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन आपली चूक सांगनारा मिस्त्री म्या जल्मात बघितला न्हाई. समद्या पंपाला म्या सांगून बसलोय, माज्या पोऱ्यानं विलायतवाल्यांना शिकीवलं म्हनून. गाडी आपनहून हितं आली तर करू. आपन व्हऊन जायाचं न्हाई.”

पण गाडी इथं येणार ती रविवारी सकाळी सहाला, घाटाच्या तोंडावर. विमान दहाचं. काम चार तासांचं.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

काही लिहायला नको वाटतं.

मी बोललो नाही तर कुणाला कळणार? घाटातून रोज शेकडो गाड्या उतरतात, प्रत्येकीला काय कचकन ब्रेक लागतो? बाई सावकाश चालवतात. आणि सांगायचं तर काय सांगायचं? की पुस्तक मला वाचताच येत नव्हतं? पाळणा केलास म्हणाल्या होत्या. ते तोंड घेऊन जायचं कसं?

नाहीतर हे गॅरेजही सोडावं. मुंबईला गोदीत माणसं घेतात म्हणे. एवढं लिहिलं आणि दादाचं कार्ड आठवलं. मेल्यानं मला पुरता ओळखलाय.

आज : काही नाही. म्हणजे काम होतं, पण मिस्त्रींनी दोनदा उलटा पाना लावताना पकडलं. संध्याकाळी मोडीत काढलेल्या ट्रकच्या बॉडीची जाड पट्टी कापली. चार तुकडे. भोकं पाडून ठेवली. नुसती ठेवली.

शनिवार, १० फेब्रुवारी

गेलो.

मिस्त्रींना एवढंच म्हटलं, “आज खाडा लावा.” ते काही बोलायच्या आत हत्यारांची पिशवी घेऊन बाहेर पडलो. एका भाजीच्या ट्रकवाल्यानं तळेगावला सोडलं.

बाईंच्या दारात चंद्रिकाबाई नव्हत्या, त्यांच्या सासूबाई होत्या, तांदूळ निवडत. मी कोण ते सांगितलं. “ती खुर्ची बसवणारा तूच का?” म्हणाल्या. “मला मुळीच पसंत नाही ते. मुलीला कैद्यासारखं जखडून न्यायचं! आम्ही काय मांडीवर घेऊन मुलं वाढवली नाहीत?”

तेवढ्यात बाई आल्या, नीरजा कडेवर. मी सगळा रस्ता पाठ करत आलो होतो, पहिलं काय सांगायचं, मग काय. ते सगळं गेलं. म्हणालो, “बाई, माजं चुकलं. खुर्ची चुकीची बसवलीय. मला विंग्रजी वाचता येत न्हाई.”

बाई गाडीशी गेल्या, दार उघडलं, आणि खुर्ची पाठीमागून हातानं ढकलली. ती पार पुढच्या सीटला जाऊन टेकली आणि परत आली. त्यांनी पुन्हा ढकलली.

“एवढं?” त्या म्हणाल्या. “मी मागच्या गुरुवारी हिला पुण्याला नेऊन आणली.”

मग त्यांनी घरातून ते पुस्तक आणलं, पायरीवर बसल्या आणि मराठीत करून वाचायला लागल्या. तिसऱ्याच पानावर लिहिलं होतं : बसवल्यावर खुर्ची इंचाच्या वर हलता कामा नये. पट्टा आणि गाडी यांच्यामध्ये ताणणारी कुठलीही वस्तू घालू नये. पत्र्याच्या खालून मोठी चकती घालावी.

“हे मी त्याच दिवशी वाचून दाखवायला हवं होतं,” बाई म्हणाल्या. “मला वाटलं, तुम्हां लोकांना हे माहीतच असणार. आणि खरं सांगू, मीही ते पुरं वाचलं नव्हतं. चित्रंच बघितली.”

“आमाला वाटलं, तुमी वाचलं आसंल.”

त्या हसल्या. मला हसू की नको कळेना.

पुढं आणखी होतं. नऊ महिन्यांच्या आतलं मूल, ज्याला नीट बसता येत नाही, त्याला या खुर्चीत ठेवू नये. मी पाना शोधता शोधता म्हणालो, “मंग सहा म्हैन्याच्या पोरीनं गाडीतनं जायाचं कसं?”

“तुझी आहे?”

“व्हय,” म्हणालो. इकडं आल्यापासून हे कुणाला सांगितलं नव्हतं. मुद्दाम नाही. कुणी विचारलंच नाही.

कामाला लागलो. मागची सीट काढली, रबर कापून टाकलं. तर सासूबाई पुन्हा आल्या. “एवढा खटाटोप कशाला? मी जाते उद्या हिच्याबरोबर. मांडीवर घेऊन बसेन.”

मी म्हणालो, “आजी, ब्रेक लागला की मांडीचं काय चालत न्हाई.”

“दाखव मला.”

आता काय करावं? बाईंनीच घरातून दहा किलो गव्हाची पिशवी आणली. मी सीट परत ठेवली. सासूबाई पदर खोचून मागं बसल्या, पिशवी मांडीवर, दोन्ही हातांची मिठी. “मी आठ बाळंतपणं केलीत घरातली,” म्हणाल्या, “एक मूल हातातून निसटू दिलं नाही.” बाईंनी गल्लीत गाडी सोडली, माणूस पळेल एवढ्याच वेगानं, आणि थांबवली.

पिशवी पुढच्या सीटच्या पाठीवर आपटून खाली पडली. सासूबाईंचे हात तसेच होते, मिठी मारलेले, मधे काही नाही.

त्या उतरल्या, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, “चार बोल्ट आहेत ना? चारही नीट आवळ.” मग माझ्यासाठी चहा आला. पिऊन कप धुऊन कट्ट्यावर पालथा घालायला सांगितला. घातला.

अडीच वाजेपर्यंत गाडीखाली पडून होतो. पट्ट्या पत्र्याखालून घातल्या, बोल्ट नवे, मोठे. नट बसवताना कोपर सोललं. शेवटी खुर्ची दोन्ही हातांनी धरून हिसडा मारला तर खुर्ची हलली नाही, सगळी गाडी हलली. नीरजाला बसवली. खांद्यावरच्या पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवायची, असं पुस्तकात आहे. माझी दोन बोटं जाड, म्हणून बाईंच्या बोटांनी मापलं.

नीरजानं माझं नाक धरून ओढलं. तिच्या हाताला लय जोर आहे.

रविवार, ११ फेब्रुवारी

पावणेसहाला रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. नागफणीच्या कड्याच्या अंगाला नुसतं धुकं. सहाला फियाट आली आणि थांबली. बाई म्हणाल्या, “एकदा बघून घे.” बघितलं. नीरजा केळं खात होती.

मागून मिस्त्री आले. वाकून बघितलं. “रबर कुटं गेलं?”

“मीच काढायला सांगितलं,” बाई म्हणाल्या. असं त्या का म्हणाल्या, मला कळलं नाही. मी तर म्हणणार होतो, मी काढलं.

गाडी गेली. मिस्त्री दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मी दिवसभर घाटातून वर येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला विचारत होतो, “खाली काय झालंय का?” एक म्हणाला, “झालंय. माझं डिझेल संपत आलंय.”

बुधवार, १४ फेब्रुवारी

आले. तिघं आले.

चंद्रिकाबाई, नीरजा आणि गोपाळकृष्ण साहेब. मी हातातलं चाक सोडून पळालो. विचारलं, “काय झालं घाटात?”

बाई म्हणाल्या, “काहीच नाही.”

“ब्रेक?”

“लागले की नेहमीसारखे. नीरजानं एक चप्पल बाहेर फेकली, एवढंच.”

खरं लिहितो. क्षणभर मला वाईट वाटलं. मनात आलं, एकदा तरी जोरात ब्रेक लागायला हवा होता, म्हणजे खुर्चीचं काम दिसलं असतं. मग स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. काही झालं नाही, यासाठीच तर गेलो होतो मी तळेगावला.

साहेब चांगली इस्त्रीची पँट घालून गाडीखाली गेले, बॅटरी घेऊन. बाहेर येऊन म्हणाले, “या पट्ट्या कुणी सुचवल्या?”

“फाटलेल्या पत्र्यानं, साहेब.”

“पुस्तकात इतकं जाड सांगितलेलं नाही.”

“आमच्याकडं घाट हाय, साहेब.”

ते हसले. मिस्त्री लगेच पुढं झाले. “आमच्या गॅरेजात आसंच करत्यात, साहेब. रबरबिबर भानगड न्हाई. काम कसं, ताठ!” मी मान खाली घालून पाना पुसत राहिलो, हसू दाबत.

जाताना बाई टपरीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “शिदू, तुझ्या मुलीला कधी आणतोयस?”

चिमामावशींच्या हातात पळी होती. गाडी वळेपर्यंत त्या थांबल्या, मग ती पळी माझ्या खांद्यावर बसली. “आरं मुडद्या! सात म्हैनं माज्या हातचं खातोस, आन् लेक हाय म्हनून सांगितलं न्हाईस? मला वाटलं, येडं सडाफटिंग हाय, म्हनून जास्तीचं कालवन वाढत व्हते!”

“आईकून घ्या, मावशी...”

“काय आईकू? तिचं वजन इचारतो माज्याकडं! जाऊन उचलून बग की!”

मिस्त्री आतून ओरडले, “सुट्टी न्हाई मिळायची! पंद्रा दिस काम भरल्यालं हाय!” मावशी तिकडं बघून ओरडल्या, “तो न्हाई जानार, ती येतील! माजं कुरवंड्याचं घर काय पडलंय?”

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

पगार झाला. मिस्त्रींनी काच कापली, खाडाही कापला. पण जाता जाता म्हणाले, “खंडाळ्याच्या एका पारश्याला तसली खुर्ची बसवायचीय. त्याला सांगितलंय, माजा मानूस पुस्तक वाचून घेतल्याबिगर बोल्ट लावत न्हाई. तवा वाचायला कुनाला तरी धर.”

पोस्टात गेलो. मनीऑर्डरच्या फॉर्मवर नाव सावळादादाचं. कूपनवर लिहायला घेतलं तर जागा पुरेना. खिडकीतला कारकून म्हणाला, “अहो, कूपन आहे ते, पोथी नाही.” मग मागच्या बाजूलाही लिहिलं.

दादास शिदूचा नमस्कार. गॅरेज सोडलेलं नाही. बायाला आणि पोरीला घेऊन तू ये, होळीच्या आधी. पुण्यापर्यंत एसटी, पुढं रेल्वे, मी स्टेशनवर उभा असेन. राहायची सोय कुरवंड्याला झाली आहे. एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसू नका, मधल्या बाकावर बसा. पोरीला बायानं दोन्ही हातांनी धरावं, डुलकी आली तर तू धर. माळशेजसारखा घाट नव्हे, पण नारायणगावाच्या अलीकडं उतार आहे, तिथं लक्ष ठेव. पोरीला बसता येतं का ते कळव.

दादा येईल की नाही, माहीत नाही. आला तर दोन शिव्या तोंडावर देईल, त्या खाईन. येण्याजाण्याचं भाडं धरून, वर बायाला पुण्यात काही घ्यावंसं वाटलं तर असावेत म्हणून, मनीऑर्डर केली ती रुपये बेचाळीस फक्त.